मागची गाठ

९ जानेवारी

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तू वाचणार. एवढी मी तुला ओळखते.

आईकडून कळलं की हाताची पट्टी निघाली. बोटं वळत नाहीत, पेलासुद्धा धरता येत नाही, असं सांगून ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं रडतेस काय, तिला पहिल्यापासून आजारपण मानवतं. तिला ताप आला की, आई, तू तिला मांडीवर घेऊन बसायचीस आणि भांडी मी घासायची. रागावू नकोस. मी अशीच बोलते, हे तुला नवीन नाही.

इथे सगळं ठीक चाललंय. हॉटेल भरलेलं आहे. तू गेल्यावर धुलाईघर बंद पडलं असं तुला वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही. वरच्या मजल्यांवरच्या चादरी पत्र्याच्या नळकांड्यातून तशाच धपाधप खाली तळघरात पडतात, भिंती तशाच घामेजतात, आणि इस्त्रीच्या रोलरची वाफ तशीच डोळ्यांत जाते. तुझ्या जागेवर एक नवी आली आहे. रोलरमध्ये चादर घालताना तिची कड वाकडी जाते. मावशी तिला म्हणाली, "आधीची बरी होती, तिचा फक्त हातच वाकडा झाला." सगळ्या हसल्या. मीही हसले. न हसून करते काय? मावशी म्हणजे मावशी. नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगणार, 'इथे कुणी साहेब नाही, कुणी नोकर नाही, आपण एक कुटुंब आहोत आणि मी तुमची मावशी,' आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांच्या उशिराबद्दल अर्धा दिवस कापणार. तिच्या विनोदाला कोण हसलं आणि कोण नाही, हे तिच्या बरोबर लक्षात राहतं.

सरकारी कचेरीत तू केलेल्या तक्रारीची नक्कल तिच्या टेबलावर होती. ती बाहेर गेली तेव्हा मी वाचली. डाग राहिलेली चादर वरून परत आली की गठ्ठ्याला बांधलेल्या दोऱ्याचा रंग पाहायचा, तो रंग जिचा असेल तिच्या गळ्यात ती चादर बांधायची, आणि पाळी संपेपर्यंत तिनं ती मागे ओढत कामं करायची, ह्याला तू 'छळ' म्हटलंयस. आपण त्याला 'राणी' म्हणायचो. तूही म्हणायचीस. माझा हिरवा दोरा, तुझा पिवळा. तिसऱ्याच कुणाचा रंग निघाला की "आज राणी कोण?" असं तूच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचीस. दुसरीवर गेलं की गंमत आणि आपल्यावर आलं की छळ, असं कसं चालेल?

मी नवी होते तेव्हा लागोपाठ राणी झाले होते. एकदा जेवून उठताना मागून कुणीतरी चादरीच्या टोकावर पाय ठेवला आणि मी डब्यासकट आडवी झाले. शौचालयात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर आले. त्याच आठवड्यात मावशीनं विचारलं, "पक्की गाठ कुणाला मारता येते?" मी हात वर केला. तेव्हापासून चादर बांधायचं काम माझं झालं आणि तेव्हापासून मी कधी राणी झाले नाही. तुला इथे लावून दिलं तेव्हाही मी सांगितलं होतं की असं एखादं काम अंगावर घे. तू ऐकलं नाहीस.

गाठ मला कुठून येते ते तुला ठाऊक आहे. तुझ्या फ्रॉकचे मागचे बंद रोज सकाळी मीच बांधायची. तुला मागची गाठ कधी आली नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा पाठमोरी उभी राहून मलाच हाका मारत होतीस.

तक्रारीत तू लिहिलंयस की त्या दिवशी दोघी आल्या नव्हत्या, म्हणून मावशीनं तुला गळ्यातल्या चादरीसकट रोलरवर उभं केलं. चादरीचं टोक दुसऱ्या चादरीबरोबर आत ओढलं गेलं, मानेला हिसका बसला, आणि तोंड वाचवायला तू हात पुढे केलास. रोलर थांबवायची लाल दांडी चिंधीनं बांधून ठेवलेली होती, कारण जरा कोपर लागलं तरी मशीन थांबायचं आणि कामाचा खोळंबा व्हायचा. सगळं खरं आहे. मी कुठे नाही म्हणतेय? मी धावत आले, तुझ्या मानेमागची गाठ ओढत राहिले आणि ती सुटेना. शेवटी कात्रीनं कापली.

पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिली. चादरीची गाठ कुणी मारली आणि दांडीची कुणी मारली, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. माझं नाव गाळलंस. उपकार केलास काय माझ्यावर?

असो. चौकशीला मी येईन आणि खरं तेच सांगेन. तुझी शपथ.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. डाव्या हातानं लिहिल्यामुळे अक्षर असं आलं म्हणतेस. उजव्या हातानंही काही मोत्यासारखं नव्हतं.

तीनच ओळी लिहिल्यास. 'ताई, तुझं नाव मी घेणार नाही. तू फक्त एवढंच सांग, की चादर मी स्वतः बांधली नव्हती आणि दांडी बांधलेली होती. भरपाई मिळाली तर चिमणीचं कॉलेज अर्ध्यावर सुटणार नाही.' प्रत्येक गोष्टीत मुलीला पुढे करायची तुझी जुनी खोड आहे. मला मूलबाळ नाही आणि तुझ्या पोरीसाठी माझा जीव तुटतो, हे तुला माहीत आहे, म्हणून नेमकं तिथेच बोट ठेवतेस. निदान तेवढं बोट तरी वळतं म्हणायचं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. खोडलं असतं तरी तू उजेडात धरून वाचलं असतंस.

हॉटेलचे वकील येऊन गेले. आम्हाला वर बोलावलं, पाहुण्यांच्या कपांतून चहा दिला. म्हणाले, "कुणीही खोटं बोलायचं नाही. फक्त नको त्या गोष्टी आठवत बसायच्या नाहीत." फार सभ्य माणूस आहे. जाताना प्रत्येकीला दार उघडून धरलं.

चौकशी होईपर्यंत राणी बंद आहे. म्हणजे चादर बंद आहे. आता उशीचा अभ्रा डोक्यावर घालतात आणि त्याला 'छोटी राणी' म्हणतात. अभ्रा रोलरपर्यंत पोचत नाही, म्हणून मावशीनं परवानगी दिली.

रोज जेवणाच्या सुट्टीत तालीम असते. मावशी अधिकारी होते, चष्मा नाकावर आणून विचारते, "चादर कोणी बांधली?" आपण म्हणायचं, "तिनंच बांधली, साहेब. तिला नटायची हौस." मग ती विचारते, "आणि लाल दांडी?" आपण म्हणायचं, "मोकळी होती, साहेब." जी अडखळेल तिच्या डोक्यावर अभ्रा. काल मावशी म्हणाली की नुसते साक्षीदार असून भागणार नाही, तक्रार करणारीसुद्धा हवी, तरच तालमीला रंग चढेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं.

"तुझी सख्खी बहीण. तुला नाही तर कुणाला जमणार?" मावशी म्हणाली. "का गं, राग आलाय काय आमचा?"

मग मी तुझी नक्कल केली. हात बाहीत ओढून घेतला, तुझ्यासारखी मान कलती केली आणि म्हणाले, "साहेब, मला पेलासुद्धा धरता येत नाही हो." एकीला हसता हसता ठसका लागला. मावशीनं माझ्या पाठीवर थाप मारली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते. आणि नक्कल चांगली झाली, हेही सांगते. तुझा आवाज मला पहिल्यापासून काढता येतो.

ह्याचा अर्थ मी फिरले असा घेऊ नकोस. तालीम वेगळी, साक्ष वेगळी. तोवर त्यांच्यात राहायचं तर त्यांच्यासारखं वागावं लागतं. तू बाहेर आहेस, तुला सोपं आहे.

चिमणीला सांग, तिच्या मावशीनं विचारलंय. अभ्यास कर म्हणावं.

ताई


२६ फेब्रुवारी

गोगलगायीला तू फोन केलास. मला न विचारता केलास. माझ्यावर भरवसा नव्हता तर तसं स्पष्ट सांगायचं होतं, मी एवढी पत्रं लिहीत बसले नसते.

आता काय झालं ते ऐक, कारण ते तुझ्यामुळे झालं. ती कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसायची, म्हणून तर तिला गोगलगाय म्हणायचो. मागच्या आठवड्यातल्या तालमीत मावशीनं तिला विचारलं, "लाल दांडी?" ती म्हणाली, "बांधलेली होती. मी रोज पाहायची." आणि परत खाली मान घालून जेवायला लागली. मावशी हसली. म्हणाली, "बरं हो, जशी तुझी आठवण."

दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. तसं कुणी ठरवलं नाही, आपोआपच झालं. घडी घालायला समोर कुणी उभं राहीना, तेव्हा ती एकटीच दोन्ही टोकं धरून दुहेरी चादरी घडी करत होती. मग तिच्या खणातून जांभळा दोरा नाहीसा झाला आणि दर गठ्ठ्यावर जांभळा दोरा दिसायला लागला. वरून जी चादर परत येईल ती तिचीच. अभ्रे इतके झाले की एकावर एक चढवावे लागले. शेवटी ती भिंतीला हात लावत चालायची. घरी जायच्या वेळी चपलांमध्ये साबणाचं पाणी. तिनं चपला उलट्या केल्या, पाणी ओतलं आणि पायात घातल्या. तेवढ्यावर तरी काही बोलायचं की नाही? नाही. अशा बाईचा मला राग येतो.

शुक्रवारी मावशीनं सगळ्यांना गोल उभं केलं. म्हणाली, कुटुंबात रुसवेफुगवे बरे नाहीत, आज मिटवून टाकू. गोगलगायीनं एकेकीसमोर जाऊन माफी मागायची आणि जिनं तिनं 'माफ केलं' म्हणायचं. ती गेलीही. माझ्यापुढे आली तेव्हा मी म्हटलं, "थांब, जरा विचार करून सांगते." असा हशा पिकला की वरून कुणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं. मी गंमत केली होती. नंतर केलं मी तिला माफ.

शनिवारी ती काम सोडून गेली. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "मी आता साक्षीला येत नाही. माझ्यात ताकद नाही राहिली. तुझ्या बहिणीला आता तूच एकटी आहेस."

मला शिकवून गेली. जसं काही मला माहीत नव्हतं.

येतेच आहे मी. चौकशीच्या दिवशी वेळेवर ये आणि गरम कपडे घाल, सरकारी इमारती थंड असतात.

ताई


१२ मार्च

धाकटे,

तू समोरच बसली होतीस, मग पुन्हा काय लिहायचं? पण तू मध्येच उठून गेलीस, आणि मागाहून चिमणी तुझ्या कानात काय काय भरवील कोण जाणे. म्हणून लिहिते.

मी खरं सांगायलाच आले होते. तुला पटणार नाही, पण जिन्यापर्यंत माझं तेच ठरलेलं होतं. जिन्यात चिमणी तुझ्या कोटाची बटणं लावत होती आणि तू हनुवटी वर करून उभी होतीस, लहानपणी माझ्यापुढे उभी राहायचीस तशी. चिमणीनं मला पाहिलं आणि "मावशी!" म्हणून हाक मारली. माझ्याआधी आमच्या मावशीनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "काय गं बाळ?" सगळ्या हसल्या. चिमणी गोंधळली. मी नुसती पुढे गेले, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचाही राहिला.

अधिकारी बिचारा दमलेला दिसत होता. त्यानं पहिलाच प्रश्न तो विचारला, "चादर कोणी बांधली?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस. 'सांग, घाबरू नकोस,' अशी. मला धीर देत होतीस! त्यानंच माझं डोकं फिरलं. तुला वाटलं की 'तिनं नाही बांधली' एवढंच म्हणायचं आणि सुटायचं. 'तिनं नाही' म्हटलं की तो 'मग कोणी?' असं विचारणार, हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? माझं नाव तू घेणार नव्हतीस, म्हणजे ते मी माझ्या तोंडानं घ्यायचं. मागची गाठ मारायला दुसरं कुणीतरी लागतंच. ते दुसरं कुणीतरी मी होते, आणि माझ्या शेजारी मावशी बसली होती.

मी म्हटलं, "तिनंच बांधली, साहेब."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "स्वतःच्या मानेमागे? असं जमतं का?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. मग मी गळ्यातला स्कार्फ सोडला, दोन्ही टोकं मागे नेली आणि न बघता एका दमात गाठ मारून दाखवली. म्हटलं, "आम्हा दोघी बहिणींना लहानपणापासून येते. आमच्या फ्रॉकला मागे बंद असायचे."

तेव्हा तू "ताई" म्हणालीस. मोठ्यानं नाही, सकाळी बंद बांधून घ्यायला हाक मारायचीस तसं. आणि उठून गेलीस. उठून जायला नको होतं. त्यानं ते लिहून घेतलं. पुढे दांडीचं विचारलं, मी मोकळी होती म्हणून सांगितलं, आणि तो मला जा म्हणाला.

मला वाईट वाटतं. खरंच वाटतं, काल जेवण गेलं नाही. पण वाईट वाटतं म्हणून माणसं काम सोडायला लागली तर त्या तळघरात एकही बाई उरणार नाही. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस. नसतं केलंस हेही मला ठाऊक आहे, ते मला सांगायला येऊ नकोस.

आईला अजून काही बोलले नाहीये. तूही बोलू नकोस, तिचं वय झालंय.

ताई


२० एप्रिल

धाकटे,

निकाल तुलाही आला असेल. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा, भरपाई नाही. इथे कुणी पेढे वाटले नाहीत, एवढं तुझ्या समाधानासाठी सांगते. फक्त टाळ्या वाजवल्या.

मावशी वर गेली. घाबरू नकोस, मेली नाही, खोल्यांची मुख्य म्हणून वरच्या मजल्यावर गेली. तिची खुर्ची मला मिळाली. आता सगळ्या मला मावशी म्हणतात. पहिले काही दिवस मला ओ द्यायला उशीर व्हायचा, आता होत नाही. काल एक नवी आली. तिला मी सांगितलं, "इथे कुणी साहेब नाही, कुणी नोकर नाही." पुढचं सगळं आपोआप तोंडात आलं.

राणी परत सुरू झाली आहे. बायकांनीच मागितली, अभ्र्यात मजा येत नव्हती. चौकशीच्या वेळी दांडीची चिंधी काढली होती, तर मशीन सारखं थांबायला लागलं. वरून मावशीनं फोन करून विचारलं, "काय गं, तुझ्या हाताखाली काम फार रेंगाळतंय?" दुसरं काही म्हणाली नाही. मला काय समजायचं ते समजलं.

तुला पाठवलेली चादर तू न उघडता परत पाठवलीस. बाद झालेली होती, पण चांगल्या कापसाची होती आणि डाग अगदी कोपऱ्यात होता, गादीखाली खोचला की दिसलाही नसता. चांगल्या मनानं पाठवली होती. तुला माझं काहीच नको असेल तर तसं सही. चिमणीनं कॉलेज सोडल्याचं आईनं सांगितलं. वाईट झालं. मुलगी हुशार आहे.

ताई


७ जून

धाकटे,

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, घाई आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

चिमणी औषधांच्या दुकानात कामाला जाते असं तुला वाटतंय. ती तिथे जात नाही. एप्रिलच्या अखेरीस माझ्या घरी आली, दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, मला तुझ्याकडे लावून घेतेस का? आईला सांगू नकोस." दुकानं फिरून दमली होती, चपलेचा अंगठा तुटलेला होता. मी तिला आत घेतलं, जेवू घातलं. पोरीला नाही म्हणू? तुझ्यावरचा राग तिच्यावर काढणारी मी नाही. दोऱ्याचा रंग निवड म्हटलं तर तिनं पिवळा उचलला. आईचा हाच होता ना, म्हणाली. काम लगेच उचललं तिनं. रोलरमध्ये कड अशी सरळ घालते की बघत राहावं, अगदी तुझा हात. म्हणजे तुझा आधीचा हात.

आज सकाळी वरून एक चादर परत आली. पिवळा दोरा होता.

सगळ्यांचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. सख्खी भाची आहे, आता बघू मावशी काय करते, असं एकेकीच्या तोंडावर दिसत होतं. तिला सोडलं असतं तर उद्यापासून मला कुणी जुमानलं नसतं आणि परवा ही खुर्ची दुसरीला गेली असती. आणि खुर्ची गेली की पहिली राणी मीच. मग "आज राणी कोण?" असं मीच ओरडले.

चिमणी हसली. तुझ्यासारखी रडूबाई नाही, खेळकर आहे. पाठ करून उभी राहिली आणि मी न सांगताच वेणी बाजूला घेतली. तिच्या मानेवर तुझ्यासारखाच तीळ आहे, तो मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. "आवळू नकोस हं, मावशी," एवढंच म्हणाली.

आज दोघी आलेल्या नाहीत. सुट्टी संपली की रोलरवर कुणालातरी उभं करायचं आहे. तुझ्या जागेवर आलेली ती नवी अजून कड वाकडीच घालते, आणि चादरी कमी पडतायत म्हणून वरून सकाळपासून फोनवर फोन येतायत. धड हात चालतो तो एकट्या चिमणीचा. गळ्यातली चादर काढून तिला उभं करावं, तर पाळी अजून संपायची आहे आणि सगळ्या बघतायत. दांडीची चिंधी सोडावी, तर मशीन सारखं थांबणार. काय करायचं ते ठरत नाहीये. तुला विचारावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. पत्र तुला मिळेपर्यंत आजचा दिवस संपलेला असेल, हे मलाही कळतं.

ती समोरच बसून डबा खातेय. चादरीचं टोक उचलून मांडीवर गुंडाळून घेतलंय, हुशार आहे. मला लिहिताना पाहून विचारलं, "कुणाला गं, मावशी?" मी म्हटलं, कामाचं आहे.

घंटा झाली. उठली बघ ती, मी काही सांगायच्या आतच रोलरकडे निघाली.

तू काळजी करत बसू नकोस. तिची गाठ मी सैल मारली आहे. दोन्ही हात मागे नेऊन ओढली तर सुटेल.